चव्वेचाळीस

हॅटस्टनच्या धक्क्याला सकाळी आठला जहाज लागतं
आणि कर्कवॉलची वस्ती दुपारपर्यंत अर्ध्याने वाढते.
बस क्रमांक चौदा माझी.
चालक स्टुअर्ट फ्लेट, वाऱ्याबद्दल कधीच न बोलणारा;
मी बोलते, मला त्याचेच पैसे मिळतात.
"झाडं? आहे ना एक, गावात. येताना दाखवते."
हशा. एकोणीस उन्हाळे हाच विनोद, हाच हशा,
झाड मात्र आता लोखंडाच्या आधाराने उभं.

ब्रॉडगरचं वर्तुळ: वीस मिनिटं, शौचालय नाही.
साठ होते म्हणतात पाषाण, उभे उरले सत्तावीस.
सत्तावीस म्हटल्यावर मला दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं,
वडील मिरजेत पंचांगाचे खिळे जुळवायचे.
म्हणून मी त्यांना नावं दिलीत. ठेवली नाहीत, दिलीत.
अश्विनी, भरणी, कृत्तिका,
तळ्याकडे कललेली रोहिणी,
विजेनं फोडलेला तो मूळ.
हे कुणाला सांगत नाही.
सांगितलं तर कुणीतरी लिहून घेईल
आणि पुढच्या जूनमध्ये मलाच येऊन सांगेल.

जहाजातर्फे सोबत एक खलाशी येतो, हातात चौदाची पाटी.
त्याचं काम मोजणं. उतरताना, चढताना.
आजचा नाकापर्यंत टोपडं ओढलेला,
छातीवरचा बिल्ला वाऱ्यानं उलटा.

मग स्कारा ब्रे. पाच हजार वर्षांची घरं,
एका वादळानं वाळू ओढून नेली तेव्हा उघडी पडलेली.
दगडी पलंग, दगडी चूल,
आणि दारासमोर ती, इंग्रजीत मी ड्रेसर म्हणते,
जिभेवर मात्र मांडणी येते.
मांडणीच. आत येणाऱ्याला आधी दिसावी अशी.
तिच्यावर काय लावत असतील, देव जाणे.
एकजण विचारतो, ही पूजेची जागा असेल का?
तज्ज्ञांत मतभेद आहेत, मी म्हणते.
माझ्या आत्यांत नसते झाले.

बसच्या पायरीशी तो मोजत होता, ओठांतल्या ओठांत:
"एकेचाळीस... बेचाळीस... त्रेचाळीस..."
मी एक पाय वर, एक खाली, तशीच थांबले.
बरोबर ऐकलं होतं.
त्यानं पुन्हा मोजलं. पुन्हा त्रेचाळीसच.

सापडल्या ओहायोच्या मिसेस हॅलोरन,
नमुन्यादाखल बांधलेल्या घरात, दगडी पलंगाच्या कडेला,
बूट काढून बसलेल्या.
"इथून दार कसं दिसतं, तेवढंच बघायचं होतं."
आता बूट चढवायला वाकवेना.
पोरानं गुडघा टेकला, नाडीला दुहेरी गाठ मारली
आणि स्वतःशीच म्हणाला, "चव्वेचाळीस."
"झाले पुरे?" मी विचारलं, मराठीत.

टोपडं मागे गेलं. रवळनाथ तांडेल,
वेंगुर्ल्याकडचा, निवतीचा.
जहाजावर सातवा महिना, जमिनीवर चौथा दिवस.
पहिलाच प्रश्न: "हयसर बांगडे गावतत?"
गावतात, म्हटलं, पण हे लोक शेवंडीच्या पिंजऱ्यात
आमिष म्हणून घालतात.
तो इतका दुखावला की मला हसू आलं,
मग आलं नाही.
डब्यात इथल्या सातूची भाकरी होती, लसणीची चटणी.
बसच्या आडोशाला, वाऱ्याला पाठ करून, अर्धी अर्धी.
"नाचण्याची?"
"नाही रे."
"तशीच लागता."
स्टुअर्टनं हॉर्न दिला.

येताना झाड दाखवलं. हसले सगळे.
पाचला जहाज सुटलं.
बस झाडताना एक हातमोजा निघाला आणि चौदाचा स्टिकर.

रात्री, म्हणजे उजेडातच, मुलाला म्हटलं, मोज.
मराठीत तो एकोणतीसला अडतो, पहिल्यापासून.
"काय मोजू?"
काहीही. फळीवरच्या वाट्या मोज,
तिसाच्या पुढे मी सांगते.
त्यानं मोजल्या.
सहाच होत्या.